तारेचा शिपाई आणि एक रुपेरी पदक

लढाईच्या पदकांवर बहुधा राजाचे नाव ठळक असते आणि शिपायाचे नाव कडेवर, भिंग लावून वाचावे इतक्या बारीक अक्षरांत घातलेले असते. १८६७–६८ सालच्या ॲबिसिनियाच्या मोहिमेचे पदक या रिवाजाला अपवाद आहे. १८६९ मध्ये मंजूर झालेले हे चांदीचे पदक अवघ्या सव्वा इंच व्यासाचे. दर्शनी बाजूस मध्यभागी व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा, त्याभोवती नऊ टोकांची चांदणी, आणि टोकांमधील नऊ जागांत ॲबिसिनिया या नावाची नऊ रोमन अक्षरे. वर छोटासा मुकुट. फीत पांढरी, तिच्या मधोमध तांबडा पट्टा. खरी नवलाई मागील बाजूस आहे. तेथे पानांच्या वर्तुळात, ऐन मध्यभागी, ज्याचे पदक त्याचे नाव व त्याची पलटण. गोऱ्या सैनिकांची नावे तर उठावदार अक्षरांत घडविलेली आहेत. हिंदी सैनिकांची बहुतेक नावे ठशाने दाबून उमटविलेली. सुमारे चौदा हजार पदके निघाली आणि जवळजवळ प्रत्येकासाठी निराळा खटाटोप करावा लागला. त्यामुळे ब्रिटिश मोहिमांच्या पदकांत ते फार खर्चिक म्हणून ओळखले जाते.

या पदकाच्या मानकऱ्यांत बंगाल इंजिनिअर्समधील एक तरुण लेफ्टनंट होता. त्याचे काम बंदुकीचे नव्हे, तारेचे. पुढे तोच सर ऑलिव्हर सेंट जॉन या नावाने म्हैसूरचा रेसिडेंट होऊन बंगळुरास आला. पुढे ज्या इमारतीस राजभवन म्हणू लागले, ते त्या काळचे रेसिडेंटचे निवासस्थान. कामानिमित्त बंगळुरात येऊन राहिलेल्या आम्हां मराठी मंडळींची त्या फाटकावरून नित्य ये-जा असते. परंतु तेथे राहून गेलेल्या या तारवाल्याची आठवण कोणी काढीत नाही. गावात सेंट जॉन्स रोड आहे खरा, पण ते नाव तेथील चर्चचे. ते चर्च या गृहस्थाच्या आगमनापूर्वी कित्येक वर्षे उभे होते.

त्याचे चरित्र आम्हांस सांगावेसे वाटते ते त्याच्या पदव्यांसाठी नव्हे. इकडची बातमी तिकडे बिनचूक आणि वेळेवर पोचविणे, हे ज्याच्या उमेदीच्या वर्षांतील काम, त्याच्या आयुष्यात बातमीच्या यशाचे आणि बातमीच्या अपयशाचे असे दोन्ही प्रसंग आले. त्यांपैकी पहिल्याची खूण पदकावर आहे. दुसऱ्याची कोठेच नाही.

ऑलिव्हर सेंट जॉन याचा जन्म १८३७ सालचा. बाप मद्रास फौजेत कॅप्टन होता. मुलगा इंजिनिअर होऊन हिंदुस्थानात आला तेव्हा १८५७ च्या उठावाच्या आठवणी ताज्या होत्या, आणि त्या उठावाने इंग्रज सरकारला तारेचे मोल शिकविले होते. डॉ. ओशॉनेसी यांनी कलकत्ता, आग्रा, मुंबई आणि मद्रास ही शहरे तारेने जोडली ती उठावाच्या आधी दोन-तीन वर्षे. लखनौच्या मोहिमेत तर पॅट्रिक स्टुअर्ट नावाच्या इंजिनिअरने फौजेच्या पाठोपाठ तार ओढीत नेली. परंतु देशातल्या देशात तार धावत असली तरी लंडन आणि कलकत्ता यांच्यामध्ये पत्रोत्तरास महिने लागत. तांबड्या समुद्रातून १८५९–६० मध्ये टाकलेली केबल निकामी ठरली होती. तेव्हा इराणच्या भूमीवरून आणि इराणच्या आखातातून दुसरा मार्ग काढण्याचे ठरले, आणि ते काम स्टुअर्टवर सोपविण्यात आले. १८६३ मध्ये त्याने बरोबर नेलेल्या तरुण अधिकाऱ्यांत सेंट जॉन होता.

या कामात मुंबईचाही वाटा आहे. आखातातील केबल विलायतेहून शिडाच्या जहाजांतून मुंबईस आली. त्यांपैकी ‘ट्वीड’ हे जहाज मुळात मुंबईच्या गोदीत वाडिया कारागिरांनी सागवानी लाकडात बांधलेली ‘पंजाब’ ही युद्धनौका होती. तिची वाफेची यंत्रे काढून घेऊन, नाव बदलून, तिला या शांततेच्या कामास जुंपले होते. १८६४ मध्ये केबल पडली. जमिनीवर तेहरान, इस्फहान, शिराझ आणि बुशायर अशी तार उभी करावयाची होती, आणि सेंट जॉनची उमेदीची वर्षे याच पट्ट्यात गेली.

तार टाकणे म्हणजे खांब पुरून वर तार ताणणे एवढेच असते तर ते काम कोणत्याही ठेकेदाराने केले असते. तारेतला प्रवाह जमिनीत झिरपू नये म्हणून खांबावर चिनीमातीची वाटी बसवावी लागते. ती तडकली, ओली झाली, की पुढचे शब्द अडखळतात. इराणच्या माळरानावर लाकूड दुर्मिळ. तेव्हा उभा केलेला खांब रात्रीतून कोणाच्या तरी चुलीत जाई. भटक्या टोळ्यांतील बंदूकधाऱ्यांना त्या पांढऱ्या वाट्या नेमबाजीसाठी फार सोयीच्या वाटत. हिवाळ्यात घाटांवर बर्फ पडून तारा तुटत. म्हणून ठराविक अंतरावर तारमास्तर, त्याच्या हाताखाली पहारेकरी, आणि मैलोगणती घोडदौड करून दोष शोधणारा अधिकारी, असा सारा संसार मांडावा लागे. यंत्रापेक्षा माणसे सांभाळणे अवघड होते. तेहरानचा दरबार, जागोजागचे सुभेदार आणि गावोगावचे मुखिये यांची मर्जी राखल्याखेरीज एक खांब जागेवर राहत नसे. स्टुअर्ट स्वतः जानेवारी १८६५ मध्ये, काम फळास येत असतानाच, कॉन्स्टंटिनोपल येथे वारला. त्या वेळी त्याने पस्तिशीही गाठली नव्हती. त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी बांधलेल्या या मार्गाचा खरा लाभ दिसला तो १२ एप्रिल १८७० रोजी. युरोपकडील बाजू सीमेन्स कंपनीने नव्याने जोडल्यावर त्या दिवशी लंडनहून निघालेला संदेश तेहरानमार्गे कलकत्त्यास २८ मिनिटांत पोचला.

दरम्यान ॲबिसिनियाचे प्रकरण उद्भवले होते, आणि त्याचे मूळ सरकारी नोकरीतल्या माणसाने तर अवश्य ध्यानात ठेवावे असे आहे. ॲबिसिनियाचा राजा दुसरा थिओडोर, म्हणजे तेवोद्रोस, याने १८६२ मध्ये व्हिक्टोरिया राणीस स्नेहाचे पत्र पाठविले. पत्र पुढील वर्षाच्या प्रारंभी लंडनला पोचले, आणि कचेरीच्या दप्तरात पडून राहिले. उत्तर गेले नाही. मानी आणि संशयी अशा त्या राजाने हा अपमान समजून ब्रिटिश वकील कॅमेरॉन याला व इतर युरोपियनांना बेड्या घातल्या. मग मात्र उत्तर लिहिले गेले. ते घेऊन एडनहून गेलेला वकील हॉर्मुझ्द रस्साम हाही पुढे कैदेत पडला. अखेरीस १८६७ मध्ये फौज पाठविण्याचा निर्णय झाला. एका पत्राची पोच वेळेवर दिली असती तर कदाचित लागलाच नसता असा खर्च, आणि पडलीच नसती अशी प्रेते!

मोहिमेची सारी तयारी मुंबईस झाली. सेनापती सर रॉबर्ट नेपिअर हे मुंबई फौजेचे मुख्य, आणि स्वतः इंजिनिअर. सुमारे तेरा हजार सैनिक, त्यांच्या दुप्पट नोकर-चाकर आणि चाळीस हजारांच्या घरात जनावरे, त्यांत ४४ हत्ती, एवढा लवाजमा समुद्रापार झुला बंदरात उतरला. मुंबई इलाख्याच्या पायदळ पलटणी, मुंबईचे सॅपर्स आणि बंगळूरशी ज्यांचे नाव कायमचे जोडलेले आहे त्या मद्रास सॅपर्सच्या कंपन्या या मोहिमेत होत्या. हलसूरच्या तलावाकाठी ज्यांच्या बराकी आपण पाहतो त्यांच्याच पूर्वसुरींनी झुलाचा धक्का, विहिरी आणि डोंगरातला रस्ता यांसाठी घाम गाळला. किनाऱ्यापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत दहा-बारा मैलांची आगगाडीही टाकण्यात आली.

या फौजेच्या तार व निशाण खात्याचा प्रमुख म्हणून सेंट जॉनला इराणमधून उचलण्यात आले. त्याचे वय तीस. झुलापासून पठारावरील सेनाफेपर्यंत आणि तेथून पुढे दक्षिणेस त्याने तार नेली. इराणच्या रस्त्यावर निदान चौक्या होत्या; येथे पुढे चालणारी फौज, मागून येणारी खेचरे आणि मध्ये अरुंद खिंड. एखादे बुजलेले जनावर खांबाला धडकले की मागचा तळ मुका होई. जेथे तार पोचली नाही तेथे रॉयल इंजिनिअर्सचे निशाणवाले दिवसा ध्वज आणि रात्री दिवा हलवून मोर्सच्या लिपीत बोलत. आपल्या पुढच्या व मागच्या तळांशी असे सतत बोलत राहणारी फौज तोवर जगाने फार थोडी पाहिली होती. नेपिअरचे सारे गणित रसदीवर अवलंबून होते. पुढे किती दिवसांचे पीठ उरले आहे आणि मागून किती खेचरे निघाली आहेत, हे ज्याला कळते त्यालाच अशा मुलुखात चारशे मैलांच्या आसपास चालून जाता येते. चकमकीपेक्षा हा हिशेबच मोहिमेचा प्राण होता, आणि तारेचे कडकट्ट हा त्या हिशेबाचा आवाज होता.

१० एप्रिल १८६८ रोजी अरोगीच्या माळावर लढाई झाली, आणि १३ तारखेस मगदला हा डोंगरी किल्ला पडला. कैदी आधीच सुटले होते. थिओडोरने शरण जाण्याऐवजी स्वतःवर पिस्तूल झाडून घेतले. ते पिस्तूल राणीनेच त्याला पूर्वी भेट दिले होते. त्यानंतर मगदला लुटली गेली. राजाचे मुकुट, चर्चची भांडी, शेकडो हस्तलिखिते विलायतेस गेली. त्यांच्या परतीची मागणी इथिओपियाने सोडलेली नाही. राजाचा लहान मुलगा आलेमायेहू यालाही विलायतेस नेण्यात आले. १८७९ मध्ये, ऐन अठराव्या वर्षी, तो तेथेच वारला. पदकाच्या चांदीत हे सारे मिसळलेले आहे, हे विसरून ते पदक हाती घेता येत नाही.

विजयाची वार्ता विलायतेस कशी गेली हेही ऐकण्यासारखे आहे. तांबड्या समुद्रात तेव्हा चालू केबल नव्हती. बातमी जहाजाने सुएझला न्यावी आणि तेथून तारेवर घालावी, एवढाच मार्ग. ‘न्यूयॉर्क हेरल्ड’चा बातमीदार हेन्री स्टॅन्ले याने सुएझच्या तारवाल्याचे हात आधीच ओले करून ठेवले होते. त्याचा मजकूर सर्वांच्या आधी गेला, आणि तो जाताच भूमध्य समुद्रातील केबल तुटली. सेनापतीचा अधिकृत अहवाल मागे राहिला आणि एका वर्तमानपत्राने लंडनला लंडनचाच विजय कळविला. पत्र दडपून ठेवणाऱ्या कचेरीने सुरू केलेल्या या कहाणीचा शेवट एका लाचखाऊ तारवाल्याच्या खटक्यावर व्हावा, यात एक प्रकारचे औचित्य आहे!

मोहिमेनंतर सेंट जॉन पुन्हा इराणात गेला. १८७१–७२ मध्ये इराण आणि बलुचिस्तान यांच्यामधील सरहद्द ठरविणाऱ्या गोल्डस्मिड यांच्या मंडळात त्याने मोजणीचे काम केले. १८७६ मध्ये निघालेल्या ‘ईस्टर्न पर्शिया’ या दोन खंडी ग्रंथात त्याचे लेखन आहे, आणि दुसरा खंड त्याचा सहप्रवासी ब्लॅनफर्ड याने पशुपक्षी व भूगर्भ यांवर लिहिला आहे. इराणचा नकाशा तयार करण्यातही सेंट जॉनने बरीच वर्षे घातली. पुढे, कोणास खरे वाटणार नाही, हा तारवाला शाळामास्तर झाला. राजपुत्रांच्या शिक्षणासाठी अजमेरला १८७५ मध्ये उघडलेल्या मेयो कॉलेजचा तो पहिला प्रिन्सिपॉल. सरकारी नोकरीत माणसाच्या अंगचे गुण त्याला कोठे नेऊन ठेवतील याचा नेम नसतो. फार्सी उत्तम, माणसे वळविण्याची हातोटी चांगली, एवढ्या शिदोरीवर तो मुत्सद्द्यांच्या पंक्तीत जाऊन बसला. १८७८ मध्ये दुसरे अफगाण युद्ध पेटले तेव्हा कंदाहारच्या फौजेबरोबर राजकीय अधिकारी म्हणून त्याची नेमणूक झाली.

राजकीय अधिकारी म्हणजे फौजेचे डोळे आणि कान. गावोगावचे हेर, सरदारांशी बोलणी, शत्रूच्या हालचालींची खबर, हे सारे त्याच्याकडे. म्हणजे पुन्हा बातमीचेच काम. फरक एवढाच, की येथे तांब्या-लोखंडाची तार नव्हती. जिवंत माणसांची होती. आणि ती तार ऐन वेळी तुटली.

जून १८८० मध्ये हेरातहून अयूबखान मोठी फौज घेऊन कंदाहारकडे निघाला. त्याला अडविण्यासाठी जनरल बरोज यांची ब्रिगेड हेलमंद नदीकडे गेली, आणि सेंट जॉन तिच्याबरोबर होता. इंग्रजांनी कंदाहारला बसविलेल्या वलीचे शिपाई १४ जुलैस बंड करून उठले, आणि त्यांतले पुष्कळसे अयूबला जाऊन मिळाले. ज्यांच्याकडून बातमी यावयाची तेच शत्रूच्या गोटात गेले. त्यात सरसेनापतींच्या कचेरीतून, सिमल्याहून, तारेने कळविण्यात आले की, आपण पुरेसे बळकट आहोत असे वाटल्यास अयूबवर हल्ला करण्यास बरोज मोकळे आहेत. शेकडो मैलांवरून आलेली ही मोकळीक प्रत्यक्ष रणात आज्ञेसारखीच जड होते, हे ज्याने वरिष्ठांचे ‘योग्य वाटल्यास’ हे शब्द कधी वाचले आहेत त्याला समजावून सांगावे लागू नये. २७ जुलैच्या सकाळी मैवंदजवळ गाठ पडेल ती आघाडीच्या स्वारांशी, अशी ब्रिगेडची समजूत. धुळीआडून पुढे आली ती अयूबची संपूर्ण फौज, तीस तोफांसह.

पुढे काय झाले ते मुंबई इलाख्याच्या पलटणींच्या इतिहासात रक्ताने लिहिलेले आहे. बॉम्बे ग्रेनेडिअर्स, जेकब्ज रायफल्स, सहासष्टावी गोरी पलटण यांची फळी दुपारच्या उन्हात पाण्यावाचून मोडली. लेफ्टनंट हेन आणि त्यांचे मुंबईचे सॅपर गोऱ्या शिपायांच्या खांद्याला खांदा लावून एका बागेपाशी अखेरपर्यंत लढले. सुमारे अडीच हजार लढवय्यांपैकी नऊशेहून अधिक पडले. सेंट जॉन त्या रात्रीच्या वाताहतीतून जिवंत कंदाहारला पोचला आणि वेढ्यात अडकला. १ सप्टेंबरला जनरल रॉबर्ट्स यांनी वेढा उठविला. बातमी कमी पडल्याचा दोष नेमका कोणाचा, यावर पुढे पुष्कळ शाई खर्च झाली. एकट्या सेंट जॉनच्या माथी तो मारणे अन्यायाचे होईल. ज्या मुलुखात आपण नकोसे आहोत, तेथे खरी बातमी द्यावयास कोण येणार? इराणात खांब टिकले ते लोकांची मर्जी सांभाळल्याने, हे त्याला स्वतःला पक्के ठाऊक होते.

अफगाण युद्धाचेही पदक निघाले. त्याच्या फितीवर लढायांच्या नावांच्या रुपेरी पट्ट्या लावीत. अली मसजिद, पैवर कोटल, चरासिया, काबूल, अहमद खेल, कंदाहार अशा सहा पट्ट्या आहेत. मैवंदची नाही. त्या युद्धातील फार मोठी हानी ज्या दिवशी झाली, त्या दिवसासाठी पदकावर सूतभरही जागा नाही. ॲबिसिनियाच्या पदकात शिपायाचे नाव मध्यभागी घालण्याचे औदार्य ज्या सरकारने दाखविले, त्याच सरकारला हरलेल्या गावाचे नाव फितीवर सोसवले नाही. पदक हा इतिहासाचा पुरावा खरा. पण तो नेहमी वरिष्ठांच्या सहीने आलेला पुरावा असतो.

त्यानंतरचे आयुष्य बदल्यांचे. १८८२ मध्ये ‘सर’ ही पदवी मिळाली. १८८५ मध्ये काश्मीरला पहिला रेसिडेंट म्हणून नेमणूक झाली. आणि १८८९ मध्ये म्हैसूर. तेव्हा गादीवर चामराजेंद्र वडियार होते आणि दिवाण शेषाद्री अय्यर. १८८१ मध्ये म्हैसूरचे राज्य वडियारांना परत दिले, तेव्हा बंगळूरचा कॅन्टोन्मेंट भाग इंग्रजांनी आपल्याकडे ठेवून रेसिडेंटच्या कारभाराखाली दिला होता; कूर्गचे चीफ कमिशनरपदही त्याच्याकडेच असे. म्हणजे ज्यांच्या जातभाईंबरोबर तो तरुणपणी झुलाच्या किनाऱ्यावर उतरला होता, त्या मद्रास सॅपर्सची वस्ती आता त्याच्याच अंमलाखालच्या गावात होती. ३० नोव्हेंबर १८८९ रोजी राजपुत्र आल्बर्ट व्हिक्टर याने लालबागेतील काचगृहाची कोनशिला बसविली, तो हाच काळ. बंगळूरची हवा तेव्हाही निवृत्तीच्या बेतास अनुकूल समजली जाई. परंतु निवृत्तीचा योग नव्हता. १८९१ मध्ये त्याला पुन्हा बलुचिस्तानात धाडण्यात आले, आणि ३ जून रोजी क्वेटा येथे तो मरण पावला. वय ५४.

आता त्या तारेचीही कहाणी संपली आहे. फौजेतील तारेचे काम सॅपर्सकडून वेगळे निघून १५ फेब्रुवारी १९११ रोजी सिग्नल कंपन्या उभ्या राहिल्या, आणि त्यांतूनच आजचे सिग्नल दल वाढले. नागरी तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. दारात तारवाला दिसताच घरातील बाया-माणसांच्या छातीत धस्स होई, ही गोष्ट नव्या पिढीस सांगूनही कळणार नाही. संदेश आता क्षणार्धात जातो. पण राजाचे पत्र दप्तरात पडून राहिले तो दोष तारेच्या अभावाचा नव्हता, आणि सिमल्याचा संदेश वेळेवर पोचला म्हणून मैवंदची ब्रिगेड वाचली नाही. पहिल्या प्रसंगी उत्तर लिहिणारा माणूस हलला नाही; दुसऱ्या प्रसंगी खरे सांगणारा माणूस उरला नाही.

परमुलुखात नेमणुकीवर असलेल्या आम्हां मंडळींच्या टेबलावरही रोज पत्रे येतात. त्यांत एखाद्या आडगावचे, मोडक्या भाषेतले, आपल्या खात्याशी नीटसा संबंध नसलेले पत्र असते. ते बाजूला सारण्यास पुष्कळ कारणे सापडतात. ॲबिसिनियाचे ते पदक कधी एखाद्या संग्रहालयात दृष्टीस पडले, तर त्यावरील नाव जरूर वाचावे, आणि परतल्यावर त्या पत्राची पोच पाठवावी.